सहपत्र : एक

सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर
मगदूम शिदगोंडा बाळगोंडा, पाणीपातळी मोजणीदार,
जन्म एक जुलै.
आई सांगायची, बेंदूर होऊन चार दिवस झाले होते.
मास्तरांनी दिवस मोजत बसण्यापेक्षा सोपी तारीख लिहिली.
दोन लिहिली असती
तर आणखी महिनाभर नोकरीत राहिले असते मगदूम
आणि त्यांचा अर्ज
माझ्या टेबलावर आलाच नसता.

एक जुलैला जन्मलेला माणूस
तीस जूनला संध्याकाळी निवृत्त होतो.
वेतनवाढ देय होते एक जुलैला.
मधे फक्त रात्र.
तेवढ्या रात्रीत वर्षभराचं काम कुठं जातं
हे तेहतीस वर्षं आस्थापना शाखेत बसून
मी कुणाला विचारलं नाही.

मगदूम आले ते चपला दाराबाहेर काढून.
वारणालीच्या आमच्या कार्यालयात कुणी काढत नाही.
म्हणाले, मुजावरसाहेब, वरीस तर भरलं की माझं.
मी हुशार होतो.
विचारलं, आयर्विन पुलापाशी एकोणचाळीस फूट अकरा इंच पाणी असताना
तुम्ही कधी चाळीस लिहिलंय?
टेबलाच्या काचेखाली कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका होती,
ती ते बराच वेळ वाचत राहिले.
न्हाई, म्हणाले. खोटं कसं लिव्हायचं?
अर्ज तिथंच ठेवून चपला घालून गेले.
मी तांबड्या शाईनं लिहिलं :
नियमात बसत नाही. नस्ती करावे.

तीन वर्षांनी माझा तीस जून आला.
शाल, नारळ, भडंगाचा मोठा पुडा,
दोन भाषणं, त्यातल्या एकात माझं नाव चुकलं.
मिरजेला घरी आलो, जेवलो, आडवा झालो,
आणि बाराला दहा कमी असताना उठून बसलो.
मगदूमांना द्यायचं उत्तर तेव्हा सुचलं.
पाणी चाळीसला टेकलंच होतं.
पट्टी वाचणाऱ्याला आम्ही आदल्या संध्याकाळी घरी पाठवलं
आणि सकाळी विचारलं,
वाचलं कुणी?

मग निकाल आला, त्यावर शासनाचा कागद आला.
त्यात शब्द होता : काल्पनिक वेतनवाढ.
कोषागाराबाहेरच्या चहाच्या गाड्यावर
म्हातारी माणसं तो शब्द मोठ्यानं वाचत होती,
एकमेकांच्या चष्म्यातून.
फरक महिन्याला साडेचारशे.
कुणी म्हणालं, गोळ्यांचं भागलं.

मगदूमांचा फॉर्म घेऊन सांगलीवाडीला गेलो.
दारात आक्काताई हळद निवडत होत्या.
ते जाऊन दीड वर्ष झालं होतं,
मला कुणी कळवलं नव्हतं,
आणि कळवावं असं मी वागलोही नव्हतो.

सही कुठं करायची ते दाखवलं.
त्यांनी विचारलं, काल्पनिक म्हंजे?
म्हटलं, त्या दिवशी ते कामावर होते असं धरायचं.
धरायचं कशाला, म्हणाल्या,
गेलते की.

आत जाऊन वही आणली. शाळेची, दोनशे पानी,
पुराच्या पाण्यानं खालचा कोपरा फुगलेला.
निवृत्तीनंतरचीही पानं भरलेली होती.
एक जुलै. सकाळी आठ.
नऊ फूट चार इंच.
आणि समोर सही, इतकी वर्षं
माझ्याकडच्या मस्टरवर करायचे तशीच, शेवटी एक टिंब देऊन.

सवयच हुती, म्हणाल्या.
कुणाला फोन करून सांगायचं न्हाई
म्हणून मलाच सांगायचे चहा पिताना.

फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.
लागणार नाही, हे मला माहीत आहे.
तरी टिळक चौकात पानाची झेरॉक्स काढली,
दोन रुपये स्वतःचे दिले,
पिन मारली,
आणि खाली डाव्या कोपऱ्यात लिहिलं,
या वेळी निळ्या शाईनं :
सहपत्र : एक.